दांडी की पट्टा?

व्हीआर हेडसेटचा इतिहास सांगणारे लेख साधारण दोन ठिकाणांहून सुरू होतात. ज्यांना घाई असते ते २०१२ पासून, म्हणजे पामर लकी नावाच्या पोरापासून. ज्यांना थोडा अभ्यास दाखवायचा असतो ते १९६८ पासून. मी आज १८३८ पासून सुरू करणार आहे, आणि सगळा वेळ एका क्षुल्लक वाटणाऱ्या भागावर घालवणार आहे. पडदा आणि चिप बाजूला ठेवू. ते यंत्र डोळ्यांसमोर धरून कसं ठेवायचं, एवढंच बघू. हातात धरायची दांडी, की डोक्याला बांधायचा पट्टा? माझं म्हणणं असं आहे की या धंद्यातली दिवाळी आणि दिवाळं, दोन्ही फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात.

तर १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. आपल्या दोन डोळ्यांना जग थोडं वेगवेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो, हे त्याने दाखवून दिलं. अक्षरशः दाखवून. नाकासमोर काटकोनात दोन आरसे, डाव्या-उजव्या बाजूला एकेक रेखाचित्र, आणि मध्ये बघणाऱ्याचं डोकं. कागदावरच्या सपाट रेघा उठून उभ्या राहिल्या! गंमत अशी की फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायला तेव्हा अजून एक वर्ष होतं. म्हणजे थ्रीडी फोटोच्या आधी थ्रीडी फोटो बघायचं यंत्र तयार होतं. हार्डवेअर आधी, कंटेंट नंतर. ही खोड या जातीला जन्मापासूनच आहे म्हणायची.

व्हीटस्टनचं यंत्र टेबलावर मांडायचं होतं. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने आरसे काढून भिंगं लावली आणि सगळा प्रकार हातात मावेल अशा पेटीत बसवला. पॅरिसच्या ज्यूल द्युबोस्क या चष्मेवाल्या-यंत्रवाल्याने तो नीट बनवला, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला तो आवडला, आणि मग काय, फॅशनच आली. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली. १८५९ मध्ये बोदलेअरसारखा कवी कुरकुरत होता, की हजारो हपापलेले डोळे या यंत्राच्या भोकांना चिकटलेत. (आज रील्सबद्दल जे बोललं जातं तेच. असो.)

पण ब्रूस्टरची पेटी बंद होती. आत उजेड कमी, आणि कार्ड बदलणं म्हणजे खटपट. इथे आपल्या गोष्टीतला माझा आवडता माणूस येतो: ऑलिव्हर वेंडेल होम्स. बॉस्टनचा डॉक्टर, लेखक, आणि हौशी जुगाडू. १८६१ च्या सुमारास त्याने पेटीच काढून टाकली. डोळ्यांभोवती एक झापड, दोन भिंगं, पुढे एक लाकडी पट्टी, तिच्यावर पुढे-मागे सरकणारी कार्ड अडकवायची जागा, आणि खाली धरायला एक दांडी. बस्स. उजेड चारी बाजूंनी येतो, कार्ड दोन सेकंदात बदलतं, आणि ज्याची नजर जशी असेल तसं त्याने कार्ड सरकवून घ्यावं. आजच्या भाषेत सांगायचं तर फोकसचं ॲडजस्टमेंट आणि कमी वजन, एकाच फटक्यात.

आणि होम्सने त्याचं पेटंट घेतलं नाही. मुद्दामच. बॉस्टनच्या जोसेफ बेट्सने ते बनवून विकायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. यंत्र स्वस्त झालं आणि खरा पैसा कार्डांत गेला. अंडरवुड अँड अंडरवुडसारख्या कंपन्या कॉलेजच्या पोरांना सुट्टीत दारोदार कार्डांचे संच विकायला पाठवत. या संचांबरोबर एक नकाशा मिळायचा. त्यावर फोटो कुठे उभं राहून काढला ते आकड्याने दाखवलेलं, आणि तिथून दोन रेघा फाकत जाणाऱ्या: तुम्हाला दिसतंय ते एवढ्या टापूतलं. ज्यांनी थ्रीडी गेमचा कॅमेरा कोड केला असेल त्यांना हे बघून हसू येईल, कारण हा सरळसरळ फील्ड ऑफ व्ह्यूचा त्रिकोण आहे. जेम्स रिकल्टन या अमेरिकन शाळामास्तराचा 'इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप' हा असाच शंभर ठिकाणांचा संच १९०७ सालचा. मुंबईही त्यात आहे. अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यातला माणूस जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसून मुंबईत उभा राहायचा, आणि कंटाळा आला की दांडी शेजारच्याच्या हातात द्यायचा.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. दांडीचं यंत्र एका क्षणात डोळ्यांवर येतं आणि एका क्षणात खाली जातं. केस विस्कटत नाहीत. तुम्ही बघत असताना शेजारचा बोलतो ते ऐकू येतं, चहा आला तर दिसतो. दोन मिनिटं बघा, पुढच्याला द्या. एकाच यंत्रात अख्खं घर. होम्सच्या १८५९ च्या लेखात तर पुढे स्टिरिओ-चित्रांची मोठमोठी ग्रंथालयं होतील अशी कल्पना आहे, आणि एखाद्या वस्तूच्या चांगल्या निगेटिव्ह मिळाल्या की मूळ वस्तू पाडून टाकली तरी चालेल असं त्याने थट्टेत लिहिलंय. २०२१ च्या मेटाव्हर्सच्या भाषणांपेक्षा फार वेगळं नाही, फक्त विनोद जास्त बरा.

हा बाजार पन्नासेक वर्षं नीट चालला. मग सिनेमा आला, रेडिओ आला, आणि तो शाळांच्या कपाटात जाऊन बसला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात व्ह्यू-मास्टर आला. आपल्या आई-बाबांच्या पिढीत ज्यांच्याकडे तो होता ते अजून त्या खटक्याच्या आवाजाबद्दल बोलतात. तोही हातातच धरायचा. म्हणजे शंभर वर्षं झाली, लाखो यंत्रं विकली गेली, आणि डोक्याला काही बांधायचं कुणाला सुचलंही नाही, कारण गरजच नव्हती.

मग पट्टा आला कुठून?

पट्टा आला हेलिकॉप्टरमधून. १९६० च्या दशकात बेल हेलिकॉप्टर कंपनीत एक प्रयोग चालला होता: हेलिकॉप्टरच्या पोटाखाली इन्फ्रारेड कॅमेरा, आणि पायलटचं डोकं वळेल तसा तो कॅमेरा वळणार, म्हणजे रात्री उतरता येईल. आयव्हन सदरलँडने सांगितलेली हकिकत अशी की गच्चीवर कॅमेरा ठेवून दोन माणसं चेंडू खेळत होती, बघणारा आत खोलीत बसलेला. चेंडू कॅमेऱ्याच्या दिशेने आला आणि खोलीतला माणूस खाली वाकला! सदरलँडच्या डोक्यात पुढचं पाऊल आलं: खऱ्या कॅमेऱ्याच्या जागी कॉम्प्युटर ठेवला तर?

१९६८ मध्ये त्याने ते करून दाखवलं, हार्वर्डमध्ये, बॉब स्प्रोल या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन. दोन्ही डोळ्यांसमोर छोट्या पिक्चर ट्यूब, ४० अंशांचं दृश्य, हवेत तरंगणारा रेघांचा ठोकळा. डोकं कुठे आहे हे मोजायला छतापासून लटकणारा एक धातूचा दांडा, ज्याला त्यांनी डॅमोक्लिसची तलवार म्हटलं. सगळे या तलवारीचा फोटो टाकतात आणि पुढे जातात. पण त्याच्या निबंधाच्या सुरुवातीला एक विधान आहे, जे मला सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वाटतं: दोन डोळ्यांना दोन चित्रं देणं महत्त्वाचं, पण डोकं हलल्यावर चित्र बरोबर तसंच बदलणं हे त्याहून महत्त्वाचं.

इथे रस्ता फुटला बघा. व्हीटस्टनपासून व्ह्यू-मास्टरपर्यंत जादू दोन चित्रांत होती. सदरलँडने जादू मानेत नेली. आणि जादू मानेत गेली की यंत्र डोक्याशी घट्ट जोडलेलं हवं, हात मोकळे हवेत, थोडंही डुगडुगलं तर भ्रम मोडला. पट्टा हा डोक्याचं हलणं मोजण्याचा कर आहे. तो कर सदरलँडपासून आजपर्यंत कुणालाही चुकलेला नाही.

पुढची पंचवीस वर्षं भरभर उरकतो. १९८० च्या दशकाच्या मध्याला नासाच्या एम्स केंद्रात मायकल मॅकग्रीव्हीच्या गटाने खिशातल्या टीव्हीचे एलसीडी पडदे काढून हेडसेट बनवला. भिंगं होती एरिक हाउलेटने स्टिरिओ फोटोग्राफीसाठी बनवलेली. (दुसऱ्या धंद्याचे पार्ट उसने घ्यायचे, ही युक्ती लक्षात ठेवा, परत येणार आहे.) जॅरन लॅनियरच्या व्हीपीएल कंपनीने आयफोन नावाचा हेडसेट विकायला काढला. हो, नाव ऐकायला तेच, फक्त यातला 'आय' म्हणजे डोळा. तो एकटा नऊ हजार डॉलरच्या वर, आणि चालवायला लागणारं कॉम्प्युटर वेगळं. १९९१ मध्ये इंग्लंडच्या व्हर्च्युआलिटीने व्हिडिओ गेम पार्लरमध्ये यंत्रं बसवली, १९९७ पर्यंत ती कंपनी बुडाली. सेगाने १९९३ मध्ये हेडसेट दाखवला आणि बाजारात आणलाच नाही.

निंटेंडोचं मात्र सांगायलाच हवं. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय. बनवणारा गुनपेई योकोई, ज्याने गेम बॉय दिला तोच. प्रत्येक डोळ्यासाठी लाल एलईडींची एकच उभी रांग आणि समोर थरथरणारा आरसा, जो ती रांग पसरवून ३८४ गुणिले २२४ चं चित्र रंगवतो. लालच का? कारण लाल एलईडी स्वस्त, आणि वीजही कमी खातात. डिझाइन म्हणून हे चलाख आहे, मी तर म्हणेन सुंदर आहे. पण तो डोक्याला बांधायचा मूळ विचार सुरक्षेच्या भीतीने सोडून दिला गेला आणि यंत्र टेबलावर दोन पायांवर उभं केलं. म्हणजे दांडीही नाही, पट्टाही नाही! डोकं फिरवलं तर काही बदलत नाही, आणि बघण्यासाठी मान वाकवून टेबलाशी जायचं. साधारण ७ लाख ७० हजार विकले गेले, निंटेंडोच्या मानाने किरकोळ, आणि १९९६ च्या सुरुवातीला गाशा गुंडाळला. दोन्हीकडचे तोटे घेतले आणि फायदा एकाचाही नाही, असं हे एकमेव यंत्र असावं.

आता पामर लकी. कॅलिफोर्नियातला विशीतला मुलगा, जुने मेलेले हेडसेट गोळा करायचा छंद. त्याने आणि पुढे ऑक्युलसने जे केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेक लोक 'पडदे स्वस्त झाले' एवढ्यावर सोडून देतात. पडदे स्वस्त झाले हे खरंच. स्मार्टफोनमुळे चांगले छोटे पडदे आणि हालचाल मोजणारे सेन्सर किलोच्या भावाने मिळायला लागले. २०१४ च्या दुसऱ्या डेव्हलपर किटमध्ये तर सॅमसंगच्या नोट ३ फोनचा पुढचा पडदाच बसवलेला निघाला. नासाची खिशातल्या टीव्हीची युक्ती, तीस वर्षांनी पुन्हा!

पण खरी मेख भिंगात आहे. रुंद दृश्य हवं असेल तर भिंगाच्या कडेला चित्र ताणलं जातं. ते टाळायला जुने लोक भिंगावर भिंग रचत, म्हणजे वजन आणि किंमत दोन्ही वर. ऑक्युलसने साधं भिंग वापरलं आणि चित्रच उलट्या बाजूने वाकडं काढलं. भिंग बाहेर ताणणार, म्हणून सॉफ्टवेअरने आधीच आत दाबून ठेवायचं. वाकड्याला वाकडं, निकाल सरळ. कल्पना नवी नव्हती, पण ग्राफिक्स कार्डं आता ते दर फ्रेमला फुकटात करू शकत होती. काचेचं वजन कोडमध्ये गेलं. सॉफ्टवेअरवाला म्हणून माझी कॉलर इथे थोडी ताठ होते :-) पट्ट्यावरचा भार असा कमी झाला, आणि दृश्य सुमारे ९० अंशांपर्यंत गेलं.

दुसरी लढाई उशिराशी होती. मान वळली आणि चित्र मागाहून आलं की पोटात ढवळतं. घाटात मागच्या सीटवर बसून मोबाइल वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मान वळल्यापासून प्रकाश डोळ्यात येईपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांच्या आत सगळं उरकायला हवं, असं तेव्हा मानलं गेलं. साठ फ्रेमच्या पडद्यावर एका फ्रेमलाच सोळा-सतरा जातात, मग राहिलं काय? 'डूम'वाल्या जॉन कारमॅकने चित्र पडद्यावर जायच्या शेवटच्या क्षणी मानेची ताजी दिशा वाचून तयार चित्रच थोडं सरकवायची युक्ती वापरली. चित्र जुनं, दिशा ताजी. अशा बारक्या चोऱ्यांवर हा सगळा भ्रम उभा आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलर मागितले होते, चोवीस लाख मिळाले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस साधारण २०० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने काय वाटलं? पुठ्ठा! पॅरिस ऑफिसातल्या दोन इंजिनियरांनी बनवलेलं कार्डबोर्ड: दुमडलेला पुठ्ठा, दोन भिंगं, आत तुमचाच फोन. आणि त्याला मुळात पट्टा नव्हता. गूगलचे लोक बनवणाऱ्यांना सांगत, पट्टा लावू नका. हातात धरलं की मान नुसती वळत नाही, अख्खं धड वळतं, म्हणजे हळू वळतं, आणि फोनचा उशीर झाकला जातो. होम्सची दांडीच ही, दीडशे वर्षांनी, वेगळं कारण घेऊन आलेली. २०१९ पर्यंत दीड कोटीच्या वर वाटले-विकले गेले. २०२१ मध्ये गूगलने विक्री थांबवली. आपल्याकडे २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओने १,२९९ रुपयांना फोन अडकवायचा जिओडाइव्ह काढला, त्याच जातीचा. पण आयपीएलची मॅच चालते साडेतीन तास, आणि फोन नाकासमोर लटकवून, घरातल्या बाकीच्यांकडे पाठ करून साडेतीन तास? मॅच ही ओरडत एकत्र बघायची गोष्ट आहे. इथे दांडीवालं यंत्र पट्टेवाल्या कामाला जुंपलं, असं मला वाटतं.

महागड्या बाजूला मेटाने (नाव २०२१ मध्ये बदललं) पीसीची वायर तोडली. २०२० चा क्वेस्ट २ हा २९९ डॉलरला आला आणि खरंच खपला. वर्षभरात एक कोटीच्या आसपास गेल्याचं चिप पुरवणाऱ्या क्वालकॉमच्या प्रमुखाने सांगितलं. मग २०२१ मध्ये काय झालं, तर चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमच्या गादीने काही जणांची त्वचा लाल होऊ लागली. एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख गाद्यांसाठी रिकॉल काढावा लागला, त्यावर सिलिकॉनचं कव्हर द्यावं लागलं. अब्जावधींचं संशोधन, आणि अडलं कुठे, तर गालाला!

चेहरे सारखे नसतात ही दुसरी भानगड. दोन बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर, पण बायकांचं सरासरीने कमी असतं. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या संशोधनात दिसलं की बायकांना जास्त मळमळण्याचं मोठं कारण हेच, भिंगांचं अंतर त्यांच्या डोळ्यांशी जुळत नाही. म्हणजे 'तुला झेपत नाही' म्हणून हसण्याआधी स्क्रू कुठे आहे ते बघा.

मेटाच्या या विभागाचा २०२४ चा तोटा साधारण १,७७० कोटी डॉलर, आणि विक्री सव्वादोनशे कोटींच्याही आत. ॲपलचा व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला. त्यांना पट्ट्याचं दुखणं पुरतं माहीत होतं. बॅटरी डोक्यावरून काढून वायरने खिशात दिली, तरी वजन सहाशे ग्रॅमच्या वर. बाहेरच्यांना माणूस हरवल्यासारखा वाटू नये म्हणून पुढच्या काचेवर आतल्या डोळ्यांचं चित्र दाखवलं. ऑक्टोबर २०२५ मधल्या सुधारित मॉडेलबरोबर नवा पट्टा आला. त्यात टंगस्टन भरलंय. पुढचा भार तोलायला मागे मुद्दाम वजन! एकूण वजन साडेसातशे-आठशे ग्रॅमवर गेलं आणि ते जास्त आरामदायक म्हणून विकलं गेलं. इंजिनियरिंग म्हणून बरोबरच आहे ते, काट्याचा तोल मानेला कळतो. पण १८६१ च्या डॉक्टरला हे दाखवायला मजा आली असती.

हे सगळं लिहायला बसलो याचं एक कारण माझा कॉलेजचा मित्र. २०२१ च्या लाटेत तो वेबची चांगली नोकरी सोडून एका व्हीआर प्रॉडक्ट कंपनीत गेला. वर्च्युअल ऑफिस बनवत होते. दीड वर्षात प्रोजेक्ट बंद, आणि घराचा हप्ता चालू. आता तो कारखान्यांसाठी ट्रेनिंगची सॉफ्टवेअर करतो: आग लागली तर काय करायचं, क्रेनखाली कुठे उभं राहायचं नाही. त्याने विचारलं, यातच राहू का? मी म्हटलं, राहा, पण माणूस किती वेळ बांधलेला बसणार हे आधी विचार आणि मग काम घे. पंधरा मिनिटांचं काम असेल, हात मोकळे हवे असतील आणि खरं शिकणं धोक्याचं किंवा महाग असेल तर पट्टा कुणी नाकारत नाही. वॉलमार्टने २०१८ मध्येच दुकानांतल्या ट्रेनिंगसाठी १७ हजार हेडसेट घ्यायचं ठरवलं होतं. गेमवाले पोरं तर तास-दोन तास हौसेने बांधतील. आठ तास ऑफिस कुणी करणार नाही. आणि हा बाजार यामुळे मरेल असं मला वाटत नाही, पण फोनएवढा होईल असंही वाटत नाही. झाला तर पंपासारखा, वेल्डिंगच्या मुखवट्यासारखा होईल: ज्याला लागतो त्याला लागतोच.

बाकी पैसा कुठे वळतोय ते दिसतंच आहे. मेटाचे रेबॅनबरोबरचे चष्मे, ज्यांत पडदाच नाही, ते २० लाख खपल्याचं त्यांच्या भागीदार कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये पडदा असलेला आला: ७९९ डॉलर, ६९ ग्रॅम, आणि दृश्य एकाच डोळ्याला, २० अंश. सदरलँडच्या १९६८ च्या ४० अंशांच्या निम्मं. डोकं हलवलं तरी आजूबाजूच्या जगाशी त्या चित्राचं काही देणंघेणं नाही, म्हणून त्याला घट्ट बांधायची गरज नाही. पट्टा नाही. चष्म्याला असतात तशा दोन दांड्या आहेत.